लेप दिलेला पेरू आतून आंबतो? आधी शेवटची क्रेटं तपासा

तक्रार नेहमी सारखीच असते. पिठाचा किंवा कोरफडीचा लेप दिलेला पेरू बाहेरून चकचकीत दिसतो, दाबला तर टणक लागतो, रंग पोपटी असतो, आणि कापला की शिळ्या ताडीसारखा वास येतो. बरं, दर वेळी येतो असंही नाही. एका आठवड्यात माल झकास जातो आणि पुढच्या आठवड्यात त्याच बागेतला, त्याच हातांनी लेप दिलेला माल परत येतो. मग माणूस वैतागून बादली पालथी घालतो आणि चार लोकांना सांगत सुटतो, की असल्या लेपाबिपात काही दम नाही.

मीही घातली होती बादली पालथी. बेळगावच्या पश्चिमेला, बेळगुंदीच्या बाजूला आमची सरदार जातीच्या पेरूची बाग आहे. बाग म्हणजे फार मोठी नव्हे. थोडा माल शनिवारच्या बाजारात जातो, थोडा गुरुवारी रात्री चोर्ल्याच्या घाटानं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला. तिथल्या व्यापाऱ्याचा एक दिवस फोन आला, "पेरां भायल्यान बरीं, भितर सोऱ्याचो वास मारता. फेणी करपाक धाडल्यांत काय?" हसून घेतलं, पण पैसे कापले गेले ते गेलेच.

तेव्हा मला जे कळलं ते आधीच सांगून टाकतो. लेप म्हणजे औषध नव्हे. लेप फळाचा श्वास थोडा अडवतो आणि आतलं पाणी उडायला थोडा अटकाव करतो, एवढंच त्याचं काम. पेरू झाडावरून उतरला तरी जिवंत असतो. हवेतला प्राणवायू घेतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो, ऊब तयार करतो. लेपाचा पातळ थर प्राणवायू जरा कमी आत जाऊ देतो, म्हणून पिकणं लांबतं. थर जाड झाला तर प्राणवायू जवळजवळ बंदच होतो, आणि मग फळ आतल्या साखरेवर दारूच्या वाटेनं दिवस काढायला लागतं. तो वास अल्कोहोलचा आणि त्याच्या सोबत तयार होणाऱ्या ॲसिटाल्डिहाइडचा. म्हणजे व्यापारी थट्टा करत होता, पण बोलत होता खरंच.

मग प्रश्न उरतो, की एकाच बादलीतला लेप एका फळावर पातळ आणि दुसऱ्यावर जाड कसा बसतो?

याचा पत्ता लागला पुतण्यामुळं. लेप देताना त्यानं प्रत्येक क्रेटवर खडूनं नंबर टाकले होते, केवळ मोजदाद चुकू नये म्हणून. माल परत आला तेव्हा तो एकेक फळ कापून नाकाशी धरत बसला आणि म्हणाला, "काका, पहिली पाच क्रेटं बरी हाईत. वास येतोय तो नवव्यापासनं पुढं. बगा की." मी बघितलं. खरंच तसं होतं. एक ते पाच चांगली, सहा ते आठ अधलीमधली, नऊ ते बारा पार आंबलेली.

बाग, तोडणी, टेम्पो सगळ्यांना एकच. फरक फक्त बुडवण्याच्या क्रमाचा. पिठाचा लेप शिजवला की गरम असताना पाण्यासारखा वाहतो आणि गार होत जाईल तसा दाटतो. आम्ही तो कोमट असतानाच सुरुवात करायचो. पहिल्या क्रेटांना पातळ लेप मिळायचा, शेवटच्यांना खळीसारखा. थंडीच्या सकाळी तर तासाभरात बादलीचा नूर बदलतो. घरी धोतराला खळ करणाऱ्या आजीला हे ठाऊक होतं, मला व्यापाऱ्यानं पैसे कापल्यावर कळलं.

तेव्हा तुमचाही पेरू आंबत असेल तर लेपाची कृती बदलण्याआधी दोन कामं करा. पहिलं, क्रेटांवर नंबर टाका. दुसरं, दर खेपेला एक क्रेट बिनलेपाचं ठेवा, त्याच झाडांचं, त्याच वेळी तोडलेलं. या बिनलेपाच्या क्रेटाशिवाय पुढची सगळी चर्चा हवेतली आहे. तेही खराब झालं तर दोष बागेत नाहीतर वाहतुकीत आहे. ते चांगलं राहिलं आणि लेपाचं बिघडलं, तर दोष आपल्या बादलीत. दोन्ही सारखीच टिकली तर लेप फुकट गेला, तो का ते पुढं येईल.

दाटपणा मोजायला यंत्र लागत नाही. चहाचा कागदी कप घ्या, तळाला मध्यभागी खिळ्यानं भोक पाडा, बोटानं बंद करून काठोकाठ लेप भरा, बोट काढा आणि धार तुटेपर्यंत सेकंद मोजा. माझ्या कपातून साधं पाणी आठ सेकंदांत जातं, आणि लेप अकरा-बाराच्या पुढं गेला की मी उकळून गार केलेलं पाणी घालतो. तुमच्या कपाचं भोक वेगळं, तुमचे आकडे वेगळे येतील. ज्या खेपेला माल चांगला टिकला त्या खेपेचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा आणि कप जपून ठेवा. भिजून मऊ पडला की दुसरा कप करावा लागतो, तेव्हा पाण्याचा आकडा परत घ्यायला विसरू नका. मी स्टीलच्या जुन्या पेल्याला भोक पाडून घेतलंय, ती कटकटच मिटली. दर तीन क्रेटांनंतर एकदा मोजायचं.

आमचा लेप आता असा असतो. दहा लिटर पाण्याला दोनशे ग्रॅम टॅपिओका स्टार्च, म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा करतात त्या कसाव्याचं पीठ. सुरुवातीला मी हुशारी करून घरचा साबुदाणा मिक्सरमधून काढला होता. साबुदाणा आधीच अर्धाकच्चा शिजवलेला असतो, त्यामुळं पिठाच्या गुठळ्या झाल्या आणि फळावर माशाच्या खवल्यांसारखे ठिपके उठले. तर, पीठ आधी थंड पाण्यात कालवायचं, मग ढवळत ढवळत तापवायचं. सत्तर-पंचाहत्तर अंशांच्या आसपास दुधाळ रंग जाऊन ते काचेसारखं होतं. उतरवून त्यात पन्नास ग्रॅम खाण्याच्या दर्जाचं ग्लिसरीन घालायचं, आणि मग ढवळत पूर्ण गार होऊ द्यायचं. पूर्ण म्हणजे पूर्ण, बादलीला हात लावला तर ऊब लागता कामा नये. त्यानंतर कपानं मोजून पाणी घालून सारखं करायचं आणि तेव्हा कुठं पहिला पेरू आत जायचा. गार झालेला लेप फारसा बदलत नाही, म्हणून पहिल्या आणि बाराव्या क्रेटात फरक पडत नाही. उरलेला लेप दुसऱ्या दिवशी वापरायचा नाही, गुरांच्या आंबोणात घालायचा.

मक्याचं पीठ का नको? चालतं, पण ते गार झालं की लवकर घट्ट बसतं आणि वाळल्यावर जास्त तडकतं. पेरूवर पांढरी साल सुटल्यासारखी दिसते आणि गिऱ्हाइकाला वाटतं पावडर मारलीय. पांढरे पापुद्रे हीच तुमची तक्रार असेल तर दोन कारणं तपासा, ग्लिसरीन कमी पडलंय किंवा पीठ जास्त झालंय. ग्लिसरीन पिठाच्या वजनाच्या पाव भागाइतकं ठेवलं की पापुद्रा लवचिक राहतो. जास्त झालं तर फळ चिकट लागतं, त्यावर धूळ बसते आणि मुंग्या येतात. मुंग्या आल्या की समजायचं, वजनकाट्याऐवजी कुणीतरी अंदाजानं ओतलंय.

आता तो तिसरा प्रकार, लेप दिला काय आणि न दिला काय, दोन्ही क्रेटं सारखीच सुकतात. पिठाचा, डिंकाचा, कोरफडीचा लेप प्राणवायू बऱ्यापैकी अडवतो पण पाण्याची वाफ फारशी अडवत नाही, कारण तो स्वतःच पाण्यात विरघळणारा. पाणी अडवायला तेल किंवा मेण लागतं. म्हणून मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात नुसता पिठाचा लेप उपयोगी पडत नाही. आम्ही त्या दिवसांत दहा लिटरला वीस-पंचवीस मिली सूर्यफुलाचं तेल घालतो. ते डिंकाच्या दाट पाण्यात आधी रवीनं इतकं घुसळायचं की दुधासारखं व्हावं, नाहीतर वर तवंग येतो आणि काही फळं तेलकट, काही कोरडी निघतात. शेंगतेल घरात असतं, पण ते टाळा. शेंगदाणा सोसत नाही अशी माणसं असतात आणि आपला पेरू कोण खाणार ते आपल्याला माहीत नसतं.

आणि पावसाळ्यात? पावसाळ्यात लेप देऊच नका. हे ऐकून शेजारचे मामा माझ्यावर रागावले होते, "मग शिकवलंस कशाला?" पण हिशेब करा. जुलै-ऑगस्टात आमच्याकडं हवाच इतकी ओली असते, की फळातलं पाणी उडायची भीती मुळात कमी. उलट लेप वाळत नाही. पंखा लावला तरी तो ओलीच हवा फिरवतो. माणूस कंटाळून ओली फळं एकावर एक रचतो, दोन फळं टेकतात तिथं लेपाचा थेंब साठून जाड ठिपका होतो, आणि नेमकं तिथूनच बुरशी सुरू होते. त्यात आंबे बहाराचा पावसाळी पेरू चवीला पाणचट आणि फळमाशीनं भरलेला. माशीनं साल टोचून आत अंडी घातली असली तर लेपाखाली अळ्या मजेत वाढतात. म्हापशात पोचल्यावर चकचकीत पेरूतून अळी निघाली, की पुढच्या खेपेला तुमचा फोन कुणी उचलणार नाही. लेपाची मेहनत मृग बहाराच्या, हिवाळ्यात निघणाऱ्या मालावर करा. गोडीही त्यालाच आणि दरही त्यालाच.

हिवाळ्यातही वाळवणं नीट हवं. आम्ही बांबूच्या चौकटीला जाळी ताणून त्यावर एकेरी थर मांडतो. पेरूच्या देठाच्या उलट्या टोकाला फुलाच्या बाहेरच्या हिरव्या दलांचा वाळका मुकुट असतो, तो खळगा खाली करून ठेवायचा. आधी आम्ही कसाही ठेवायचो. मग एकदा भिंग घेऊन बसलो. काळे पडलेले जवळजवळ सगळे पेरू त्या खळग्यापाशीच काळे पडले होते. खळग्यात लेपाचा एक थेंब राहतो, वरून वाळतो, आतून ओला राहतो, आणि तिथं आधीपासून अडकलेला वाळका फुलोरा, धूळ, बुरशीचे कण यांना आयतं जेवण मिळतं. आता बुडवून काढल्यावर फळाला मनगटानं एक झटका देतो आणि खळगा खाली करून मांडतो. एवढ्याशा झटक्यानं जेवढा माल वाचला तेवढा कुठल्याही महागड्या पदार्थानं वाचला नसता.

सगळ्या अंगावर तपकिरी-काळे खोलगट डाग येत असतील तर मात्र तो दोष लेपाचा नाही. तो करपा. त्याची बुरशी फळ हिरवं असतानाच सालीत शिरते आणि गप्प बसून राहते. फळ पिकायला लागलं की डोकं वर काढते. तुम्ही लेप देता तेव्हा ती आत असतेच. यावर इलाज बागेतच, छाटणीत, पडलेली फळं उचलण्यात, वेळच्या फवारणीत. आंब्याचं थोडं वेगळं आहे. हापूस लेपाआधी ५२ अंशांच्या गरम पाण्यात पाच ते दहा मिनिटं ठेवला तर करपा बराच आवरतो. मात्र थर्मामीटर हवाच, हातानं अंदाज घेऊन साल भाजलेली मी पाहिली आहे.

करपा नसेल आणि तरी एकदम सगळ्या क्रेटांत बुरशी पसरली, तर बादलीकडं बघा. एक सडकं फळ त्यात बुडालं की त्यामागून येणाऱ्या प्रत्येक फळाला बुरशीचा प्रसाद मिळतो. म्हणून लेपाआधी धुणं चुकवायचं नाही. धुण्याच्या पाण्यात क्लोरीन १०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत शंभर भाग, पुरतं. चार टक्क्यांचं साधं, सुगंध न घातलेलं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं पाणी, असेल तर दहा लिटरला २५ मिली. दोन मिनिटं ठेवून स्वच्छ पाण्यानं धुवायचं आणि पूर्ण कोरडं करून मगच लेप. ओल्या फळावर लेप दिला तर तो पातळ होऊन ओघळतो. आणखी एक बारीक गोष्ट. उन्हात तापलेलं फळ विहिरीच्या गार पाण्यात टाकू नका. गरम फळ गार पाण्यात आकसतं आणि देठाच्या जागेतून पाणी आत ओढतं, पाण्याबरोबर जंतूही. सकाळी दंव सुकल्यावर तोडा, सावलीत निवू द्या, मग धुवा.

कोरफड वापरणाऱ्यांच्या तक्रारी वेगळ्या. कानडीत तिला लोळेसर म्हणतात आणि त्यातला लोळे म्हणजे बुळबुळीतपणाच सगळं काम करतो, पण तो टिकत नाही. सकाळी काढलेला गर संध्याकाळी पाण्यासारखा पातळ होतो, दुसऱ्या दिवशी गुलाबी-तपकिरी पडतो. गर काढला की गाळून ७० अंशांवर पाऊण तास तापवायचा, गार करायचा, मग लिटरमागं साधारण साडेचार ग्रॅम सायट्रिक आम्ल आणि दोन ग्रॅम क जीवनसत्त्वाची पावडर घालायची. त्यानं रंग राहतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पान कापल्यावर उभं टेकवून अर्धा तास पिवळा चीक गळू द्यायचा. तो कडू तर असतोच, शिवाय पोट ढाळतो. साल सोलतानाही चिकाचा पिवळा पट्टा गरात येऊ द्यायचा नाही. स्पेनमध्ये २००५ साली द्राक्षांवर कोरफडीच्या लेपाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात लेपाची द्राक्षं १ अंश तापमानात ३५ दिवस टिकली आणि बिनलेपाची ७ दिवस. अथणीकडचे द्राक्षवाले हा आकडा ऐकून मला फोन करतात. त्यांना मी त्यातला "१ अंश" परत वाचायला सांगतो. ताडपत्रीखाली तापलेल्या टेम्पोत ३५ दिवसांचं स्वप्न बघायचं नाही.

टेम्पोची गोष्ट निघालीच आहे तर, दर दहा अंशांना फळाचा श्वास दुप्पट किंवा त्याहून जास्त वाढतो. लेप मात्र तेवढाच प्राणवायू आत सोडतो. म्हणजे २० अंशांना बरोबर बसलेला लेप ३५ अंशांना जाड ठरतो. नंबर टाकूनही सगळीच क्रेटं सारखी आंबलेली दिसली तर टेम्पोवाल्याला विचारा, ताडपत्री चारी बाजूंनी आवळली होती का, आणि घाटात किती वेळ अडकला. मी आता क्रेटांच्या दोन रांगांमध्ये वीतभर फट ठेवायला लावतो आणि मागची बाजू उघडी.

तोडणीची वेळ हाही वादाचा विषय. गडद हिरव्या, कोवळ्या पेरूला लेप दिला तर तो हिरवाच राहून मऊ पडतो, पिकल्याचा वास येत नाही. पिवळा झालेल्याला दिला तर उशीर झालेला असतो. गडद हिरवा जाऊन पोपटी छटा आली की घ्यायचा. हे फोनवर सांगून कळत नाही, चार फळं वेगवेगळ्या रंगांची तोडून घरात ठेवून बघावी लागतात.

"हे शाकाहारी आहे ना?" हा प्रश्न इकडं हमखास येतो. आमच्या जैन गिऱ्हाइकांनी विचारला तेव्हा मी नीट माहिती काढली. लेपांत वापरतात त्यांपैकी लाख, म्हणजे शेलॅक, किड्यांपासून मिळते, मधमाशीचं मेण माशीचं, कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून. कारनौबा मेण मात्र ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरचं, म्हणजे निखळ वनस्पतीचं. अन्नसुरक्षा नियमांत ताज्या फळांच्या लेपासाठी मधमाशीचं मेण, कारनौबा आणि शेलॅक यांची नावं आहेत, आणि मेण लावलं असेल तर तसं लेबल लावणं बंधनकारक आहे. पिठाचा लेप पाण्यानं धुऊन जातो, तरी मी क्रेटावर मराठीत आणि कानडीत चिठ्ठी लावतो, "पिठाचा लेप आहे, धुऊन खा." मोठ्या प्रमाणावर विकायचं असेल तर आधी अन्नसुरक्षा अधिकाऱ्याला गाठा. कृती समजून घ्यायची असेल तर मत्तीकोप्पचं कृषी विज्ञान केंद्र आणि अरभावीचं उद्यानविद्या महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहेत. पत्रकं कानडीत मिळाली तर बिचकू नका, बोलायला माणसं असतात.

राहता राहिला चिकू. तीन-चार जणांनी विचारलंय, की हाच लेप चिकूवर बसत का नाही. चिकूच्या सालीवर जो तपकिरी भुसा असतो त्यावर लेप चिकटतो आणि भुशासकट गळून पडतो. आधी मऊ गोणपाटानं हलकं पुसून भुसा काढा, धुवा, वाळवा. पहिल्या खेपेला सहाच चिकू घ्या आणि सहा तसेच ठेवा.